दोन चमचे, समभाग पाण्यासह

“खारट आहे,” मी म्हणाले.

“खारट नाही गं. खारट म्हणजे मीठ जास्त झालेलं. हिच्यात मीठ बरोबर पडलंय.”

मैत्रीण वेंगुर्ल्याची. १९३० मध्ये जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं तिच्याच तालुक्यातलं. त्यामुळे मिठाच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही. आम्ही उभ्या होतो सिंगापूरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये, ‘स्मिथ स्ट्रीट टॅप्स’ या स्टॉलच्या कट्ट्याला टेकून. हातात चव बघायला दिलेल्या घोटभर बीअरचे दोन इवले ग्लास. दिवस २०२२ च्या एप्रिलमधले. करोनाच्या काळात रात्री साडेदहानंतर मद्य विकायला आणि प्यायला बंदी होती, ती मार्चअखेरीस उठली होती. दोन वर्षं एकमेकांपासून हातभर लांब बसलेलं शहर पुन्हा खांद्याला खांदा लावून उभं राहायची सवय करत होतं.

ही इमारत १९८३ ची. चायनाटाउनच्या रस्त्यांवर गाड्या लावणाऱ्या फेरीवाल्यांना डोक्यावर छप्पर द्यायचं म्हणून सरकारने ती बांधली. खाली मंडई, आणि वर, तिथल्या हिशेबाने दुसऱ्या आणि आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर, दोनशेहून जास्त खाण्याचे स्टॉल. सिंगापूरमधलं हे सर्वांत मोठं हॉकर सेंटर. त्यातल्या सोया सॉस चिकनच्या एका स्टॉलला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला आणि पर्यटकांच्या रांगा लागल्या. त्याच्याही पाच वर्षं आधी, २०११ मध्ये, डॅनियल गो या गृहस्थाने इथे ‘द गुड बीअर कंपनी’ नावाचा स्टॉल टाकला होता. आजूबाजूला टांगलेली बदकं आणि वाफाळणारे नूडल्स, आणि मधेच देशोदेशीच्या क्राफ्ट बीअरच्या बाटल्या. नळाची ताजी बीअर देणारा ‘स्मिथ स्ट्रीट टॅप्स’ हा त्याचाच धाकटा भाऊ.

सेंटरमधली टेबलं सगळ्यांची असतात. रिकामं टेबल दिसलं की त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवायचं, जागा आपली झाली. इथल्या बोलीत याला ‘चोप’ करणं म्हणतात, आणि ते पाकीट उचलायची हिंमत कुणी करत नाही. आम्ही चोप केलं नाही. एकदा बसलं की माणसं ऑफिसवर बोलतात, भाड्यावर बोलतात, मुलांच्या पीएसएलई परीक्षेवर बोलतात, आणि ग्लास आपोआप रिकामा होतो. कट्ट्याशी उभं राहिलं की समोर नळ असतात, फळ्यावर खडूने लिहिलेली नावं असतात, देणारा मुलगा असतो. मग बोलणं हातातल्या ग्लासावरच होतं. पाय आंबतात, हे खरं. आंबणं हा आपला शब्दही पाहा कसा आहे: पीठ आंबतं, ताक आंबतं आणि दिवसभर उभं राहिलं की अंगही आंबतं. बीअरच्या स्टॉलसमोर उभं राहून पाय आंबावेत यात एक न्याय आहे.

तर मिठाची बीअर. मैत्रिणीने खारट आणि मिठाची यात जो फरक केला, त्याने मला एकदम दहावीच्या मराठीच्या पेपरात नेऊन बसवलं. ‘पुढील कवितेचे रसग्रहण करा.’ आम्ही ते गाईडमधून पाठ करायचो. कविता कुठलीही येवो, कवी निसर्गाशी एकरूप झालेला असायचा आणि शब्दकळा ओघवती असायची. त्या ओळीत नक्की काय लागतं, जिभेला, कानाला, हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. बीअरचंही गाईड असतं, हे मला पुढे सिंगापूरला आल्यावर कळलं. पॅशनफ्रूट, पाइन, बिस्किट, टॉफी, ओलं घोंगडं (खरोखर असतं!). ऑफिसमधले सहकारी ग्लास नाकाशी नेऊन हे शब्द म्हणायचे आणि मी मान डोलवायचे. आयुष्यात पाइनच्या झाडाखाली कधी उभी न राहिलेली लातूरची बाई पाइनचा वास ओळखल्याचं सोंग करत होते. रसग्रहणात पुन्हा एकदा पास.

त्या रात्री आम्ही ठरवलं, गाईड बंद. प्रत्येक ग्लासाला आपल्या घरातला शब्द शोधायचा. जी इंग्रजी शब्द वापरेल, पुढचा ग्लास तिच्या पैशाने. इथे ही शिक्षा हलकी नसते. सिंगापूरमध्ये बीअरवर तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलच्या दर लीटरला ६० डॉलर अबकारी कर आहे. ३३० मिलीलीटरच्या पाच टक्क्यांच्या बीअरमध्ये शुद्ध अल्कोहोल साडेसोळा मिलीलीटर, म्हणजे पहिला घोट घ्यायच्या आधीच जवळजवळ एक डॉलर सरकारजमा. बाहेरून आलेली असेल तर आयात कर आणखी वेगळा.

माझी पहिलीच अडचण अशी की, शब्द सापडेनात. म्हणजे सापडले, पण नको ते. टुन्न, तर्र, टाइट, झिंगलेला, लास. मराठीत दारूच्या परिणामाला ढीगभर शब्द आहेत आणि चवीला दुष्काळ. मी मैत्रिणीला माझा सिद्धांतच सांगितला: आपल्याकडे दारू ही चोरून, घाईने, नाक दाबून प्यायची गोष्ट होती. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये सुधाकर पितो, तळीराम पाजतो, सिंधूचा संसार धुळीला मिळतो, पण त्या प्याल्यातलं द्रव्य कसं लागतं याच्याशी कुणालाच काही देणंघेणं नाही. जिची चवच घ्यायची नाही, तिला चवीचे शब्द कशाला लागतील?

“हे तुमच्या देशावरचं,” ती म्हणाली. “आमच्याकडे ये. माडी पहाटेची गोड, दुपारची आंबूस, संध्याकाळची उग्र. माडावरून उतरवलेलं तेच मडकं, पण वेळ सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही. पलीकडे गोव्यात काजूच्या बोंडांचा रस नीरो, एकदा गाळलं की उर्राक, पुन्हा गाळलं की फेणी. माझे मामा फेणीचा थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचे. तुम्ही लोक पीत नव्हतात असं नाही, लपून पीत होतात. लपून प्यायलेल्या गोष्टीचं वर्णन कोण कुणाला करणार?”

माझा सिद्धांत असा पहिल्या ग्लासालाच अर्धा ढासळला. तरी तो मी पूर्ण सोडला नाही, कारण देशावरची म्हणून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पहिली बीअर गोझ होती. जर्मनीतल्या गोस्लार गावावरून नाव पडलं, नाव काढलं लाइपझिगने. १५१६ च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध शुद्धतेच्या कायद्यात बीअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स यांखेरीज काही घालायला मनाई होती. गोझमध्ये मीठ पडतं, धणे पडतात, आणि आंबटपणासाठी लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू लागतात. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात हिला जागा मिळणं कठीण होतं, तरी प्रादेशिक खासियत म्हणून ती टिकली. पहिल्या घोटाला जीभ आक्रसते. मग मीठ येतं, हळूच. शेवटी घशाकडे एक हिरवट, उबदार वास राहतो, तो धण्यांचा. मैत्रीण म्हणाली, “मठ्ठा.” आणि मी थांबलेच. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर द्रोणात वाढतात तोच आंबट-मीठ. बीअरला आंबवणारे जिवाणू आणि आपलं दूध विरजणारे जिवाणू एकाच कुळातले आहेत, तेव्हा ही नुसती उपमा नव्हती, भाऊबंदकी होती. फरक एवढाच की मठ्ठ्यात कोथिंबीर, इथे धणे. मठ्ठ्याचं काम जिलेबीचा मिट्टपणा कापायचं, आणि गोझ त्या उकाड्यात आमच्या दिवसभराचा चिकटपणा कापत होती. चव अशी एखादं काम करते तेव्हा तिला चांगली म्हणायला मला संकोच वाटत नाही. नुसत्या आंबट बीअर मला आवडत नाहीत. त्यांतल्या पुष्कळशा, चार दिवसांचं ताक फ्रिजमध्ये विसरावं तशा लागतात. गोझमध्ये मीठ आंबटाला लगाम घालतं.

यानंतर गव्हाची बीअर आली. केळं, लवंग, थोडं दूध घातल्यासारखा मऊपणा. “शिकरण,” दोघी एकदम म्हणालो आणि पुढे गेलो. शिकरणावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नसतं.

तिसरी होती इंडिया पेल एल. दोन भारतीय बायका सिंगापूरमध्ये एका चिनी मंडईच्या माळ्यावर जिच्या नावात भारत आहे ती बीअर पीत होत्या, आणि बीअर अमेरिकी हॉप्सची होती. नावामागची गोष्ट सगळेच सांगतात: लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून भारतासाठी मुद्दाम जास्त हॉप्स घालून ही बीअर शोधून काढली. गोष्ट गोड आहे, तेवढी खरी नाही. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनचा बीअरचा कारखाना होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ. कप्तानांना तो लांब मुदतीच्या उधारीवर पिंपं द्यायचा, आणि म्हणून त्याची बीअर कलकत्ता, मद्रास, मुंबईला पोचली. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, डोलत डोलत आलेली ती पिंपं वाटेतच मुरली. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापलेलं सापडतं ते १८२९ सालच्या, ऑस्ट्रेलियातल्या एका वर्तमानपत्रात. म्हणजे उधारी आणि सोय यांतून चव घडली, नाव मागाहून चिकटलं. मला ही खरी गोष्ट जास्त आवडते. लोणच्याची बरणी फळीवर मागे राहून गेल्यामुळे चांगली मुरावी, तशी. आणि सिंगापूर स्वतःही कंपनीने १८१९ मध्ये मांडलेलं दुकानच, १८६७ पर्यंत भारतातल्या सरकारच्याच अखत्यारीत. त्या काळी कलकत्त्याच्या साहेबाला आणि इथल्या साहेबाला एकच मालक होता.

ग्लास नाकाशी नेल्यावर सहकाऱ्यांचे सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले. गिळले, कारण एक ग्लास वाचवायचा होता. मैत्रिणीने डोळे मिटले.

“कैरीचा चीक.”

देठाशी कैरी तोडली की जो पातळ, झोंबणारा, राळेसारखा चीक उडतो, लागला तर ओठाशेजारी काळा डाग पाडतो, त्याचा वास. इतका अचूक शब्द मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडला नव्हता. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हॉप्सच्या तेलात आणि आंब्यात मिरसीन नावाचं एकच सुगंधी द्रव्य आहे. वेंगुर्ल्याच्या नाकाने प्रयोगशाळेशिवाय काम केलं होतं. हॉपची वेल भांगेच्या कुळातली आहे, हेही त्याच वाचनात कळलं. होळीच्या भांगेच्या आठवणीने मी पुढच्या खेपेला ते तिला उत्साहाने सांगायला लागले, पण सिंगापूरमध्ये हा विषय मंडईत मोठ्याने काढायचा नसतो हे लक्षात आल्यावर आवाज खाली आणला.

पण चीक झाला वास. चव कडू. आपली भाषा इथे एक गंमत करते. आयुर्वेदात ‘कटु’ म्हणजे तिखट, मिरीसारखं, आणि कडूला शब्द आहे ‘तिक्त’. मराठीने ‘कटु’चा ‘कडू’ केला आणि अर्थच बदलून टाकला. त्या ग्लासात मला दोन्ही अर्थ लागले. आधी हॉप्सची झोंबणी, मिरीसारखी, म्हणजे जुना कटु. मग जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ रेंगाळणारा कडवटपणा, कारल्याचा. कारल्याच्या भाजीत सगळ्यांत अवघड काय असतं? कडूपणा घालवणं सोपं आहे, मीठ लावून पिळून टाकलं की झालं. तो ठेवणं आणि तरी भाजी खावीशी वाटणं अवघड. त्यासाठी गूळ लागतो, खोबरं लागतं. या बीअरमध्ये ते काम माल्ट करत होतं, भाजलेल्या सातूचा पुसट गोडवा. थोडा अजून हवा होता, असं माझं मत. मैत्रिणीचं मत, अजिबात नको, कारलं पिळून खाणाऱ्यांनी कारलं खाऊच नये. या वादात पंच व्हायला आम्ही नळामागच्या मुलाला बोलावलं. त्याने मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. शहाणा मुलगा.

बीअर आणि नावं यांवरून आठवलं: पुण्यात २००९ मध्ये महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, तिचं नाव ‘डूलाली’. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला हा शब्द लावतात, आणि तो आला आहे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी परतायच्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून असायचे. उन्हाने, कंटाळ्याने, तापाने त्यांचं जे व्हायचं त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणायचे. यातला टॅप म्हणजे आपला ताप. ‘स्मिथ स्ट्रीट टॅप्स’च्या पाटीखाली उभी राहून मी हे सांगितलं, तेव्हा मैत्रीण इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी वळून बघितलं.

ते म्हातारे टायगर पीत होते. मोठी बाटली, छोटे ग्लास, ग्लासात बर्फ. १९३१ मध्ये फ्रेझर अँड नीव्ह आणि हायनेकन यांनी मिळून मलायन ब्रुअरीज काढली आणि पुढच्या वर्षी टायगर बाजारात आली, तेव्हापासून या बेटाची रोजची बीअर ती. क्राफ्टवाले तिला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बर्फ घातलेली टायगर पाणचट लागते, पण इथल्या उकाड्यात पाणचटपणा हा गुण असू शकतो. ताकात पाणी घालतो तेव्हा आपण काय करतो?

आणि पाण्याचंच बोलायचं तर मला थांबवणं कठीण. चायनाटाउनचं इथलं जुनं नाव चिनीत ‘न्यु चे श्वे’, मलायमध्ये ‘क्रेटा आयेर’. दोन्हींचा अर्थ पाण्याची गाडी. चिनी नावात तर बैलही आहे. या भागाला बैलगाड्यांतून पाणी यायचं. मी लातूरची. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लीटर. वडील स्टेशनवर बघायला गेले होते, जसं कुणी पाहुण्याला घ्यायला जातं. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायचा आदेश दिला. एक लीटर बीअर करायला चार-पाच लीटर तरी पाणी जातं. आमच्या घरात तेव्हा बीअर हा शब्द चवीसाठी उच्चारलाच जात नव्हता. तो हिशेबाचा शब्द होता, आणि हिशेब आमच्या विरुद्ध होता. परदेशात राहून मी क्राफ्ट बीअरचा ग्लास उचलते तेव्हा तो हिशेब मागे उभा असतो. त्याचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून २०२२ च्या त्याच एप्रिलमध्ये बाजारात आलेल्या ‘न्यूब्रू’बद्दल मला कुतूहल होतं. ब्रुअर्क्झ ही इथली जुनी ब्रुअरी, १९९७ पासूनची. तिने सरकारी पाणी खात्याबरोबर ही बीअर केली ती ‘न्यूवॉटर’पासून, म्हणजे सांडपाण्यावर बारीक गाळणी, रिव्हर्स ऑस्मॉसिस आणि अतिनील किरण असे संस्कार करून मिळवलेल्या पाण्यापासून. २००२ च्या राष्ट्रदिनाच्या सोहळ्यात हजारो लोकांनी या पाण्याच्या बाटल्या उंचावून एकत्र प्यायल्या होत्या. मैत्रिणीने घरी एक डबा आणून ठेवला होता, तो आम्ही आधीच्याच आठवड्यात फोडला. फिक्या सोनेरी रंगाची, हलकी, किंचित मधाळ. चांगली होती, अफाट नव्हती. पण मी शोधत होते पाणी. पाण्याला आमच्याकडे शब्द आहेत: जड, हलकं, मचूळ, गोडं, क्षाराचं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही हे मराठवाड्यातली कुठलीही बाई सांगेल, आणि इंग्लंडातल्या बर्टन गावच्या क्षारांच्या पाण्यामुळेच तिथल्या पेल एलचा कडवटपणा खणखणीत झाला, हे बीअरवाले सांगतात. न्यूवॉटरमध्ये असलं काहीच राहत नाही. तसलं पाणी म्हणजे कोरी पाटी, करणाऱ्याला हवे ते क्षार मागाहून लिहायचे. “गावच नाही या पाण्याला,” मी म्हणाले. मैत्रीण म्हणाली, “अगं, सगळी गावं आहेत. सगळ्या शहराचं पाणी आहे ते.”

शेवटचा ग्लास स्टाउटचा. काळाकुट्ट, वर पिवळट-तपकिरी फेस. पहिला घोट मला काहीच बोलला नाही. फार थंड होता, आणि थंडीत चव अंग चोरते. तो हातात धरून आम्ही उभ्या राहिलो. सिंगापूरच्या हवेत ग्लास कोमट व्हायला वेळ लागत नाही. इतर बीअरचं त्यात नुकसान होतं, स्टाउटचं भलं. दहा मिनिटांनी वास उघडला. आधी भाजणी. थालीपिठाच्या भाजणीला कढईत धान्य जरा जास्त लागलं की येतो तो, करपायच्या एक पायरी अलीकडचा. मग काळा गूळ, मग मनुका. आणि त्यांच्या खाली आणखी एक वास होता, लाकडी, औषधी, तुरट. तो मला नक्की माहीत होता आणि आठवत नव्हता. नाव जिभेवर असणं म्हणतात ते इथे शब्दशः खरं होतं.

शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा आमचं हे ध्यान बराच वेळ बघत होते. त्यांनी ग्लासाकडे बोट करून सांगितलं की त्यांची आई त्यांच्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणात स्टाउट प्यायची. रक्त वाढतं, अंगात ऊब येते. काही घरांत त्यात अंडंही फोडून घालायचे. गिनेसने तर १९२९ पासून इंग्लंडात आपली बीअर अंगाला चांगली म्हणूनच जाहिरात केली होती. आजचा डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावेल, पण मला त्या आजोबांच्या ‘बाळंतपण’ या एका शब्दाने नाव मिळालं.

दशमूलारिष्ट.

आजीच्या फडताळातली तपकिरी बाटली. बाळंतिणीला द्यायचं, पण आजीच्या मते सांधेदुखीला, वाताला, अशक्तपणाला, पावसाळ्याला, सगळ्यालाच चालायचं. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यासह. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे. बहुतेक ५ ते १० टक्के, म्हणजे माझ्या हातातल्या स्टाउटइतकं किंवा जास्तच. दहा मुळांचा काढा, गूळ, मनुका, मध, आणि वर धायटीची लाल फुलं. त्या फुलांबरोबर यीस्ट येतं आणि सगळं आंबायला लागतं. मद्याला हात न लावणाऱ्या, दारूचं नाव निघालं की पदर तोंडाला लावणाऱ्या माझ्या आजीने चाळीसेक वर्षं रोज रात्री एक आंबवलेलं पेय घेतलं होतं, आणि तिला त्याची चव कळत होती. नवी बाटली आली की ती एक थेंब जिभेवर टेकवायची. “कोवळं आहे,” म्हणायची, “अजून मुरायचंय.” आणि ती बाटली फडताळात मागे जायची, जुनी पुढे यायची. एखादी बाटली तिला “उतरलेली” वाटायची. एका वर्षी एका वैद्यांकडची बाटली तिने “नुसता गूळ लावलाय” म्हणून परत पाठवली होती. आम्ही हसायचो.

मी मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. “धायटी कशी लागते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “त्यामुळे तुझं मान्य करता येत नाही. मला इथे करवंटीचा धूर लागतोय.” मी वास घेतला. होता.

आजोबांनी टायगरमध्ये बर्फाचा आणखी एक खडा टाकला. आमचे पाय पुरते आंबले होते.

डिसेंबरात लातूरहून परतताना मी बॅगेत एक बाटली घालून आणली. मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये, ओट्याशी उभ्या राहून, आम्ही ती फोडली. तिने कपाटातून दोन छोटे ग्लास काढले आणि एकात मोजून दोन चमचे घातले. ग्लास उजेडात धरला, फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही.

“पाणी घालू?” मी विचारलं.

“थांब जरा. आधी तसंच.”